'कुणाचा रं तू?' : रशियन आडनावे आणि पुतण्याचा एक प्रश्न

मागच्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. सिद्धार्थ रशियात, कझानला, डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एरवी त्याचा फोन थंडी, मेसचे जेवण आणि फी यापलीकडे जात नाही. त्या दिवशी मात्र हसतच बोलत होता. "काका, इथली पोरं मला भीमरावोविच म्हणायला लागलीत!"

झाले होते असे. रशियात मानाच्या माणसाला आडनावाने हाक मारीत नाहीत. त्याचे स्वतःचे नाव आणि लगेच बापाचे नाव, असे जोडून म्हणतात. प्राध्यापक बाईंचे नाव येलेना आणि त्यांच्या वडिलांचे निकोलाय, तर वर्गात त्या 'येलेना निकोलायेव्ना'. पुरुष असेल तर ओविच किंवा येविच. सिद्धार्थच्या गटातल्या कुणीतरी त्याच्या कागदावरचे मधले नाव विचारले. ते वडिलांचे आहे म्हटल्यावर पोरे खूश झाली. कारण आपल्या मराठी माणसाच्या नावाची बांधणी रशियन नावासारखीच आहे. आधी स्वतःचे, मग बापाचे, मग घराण्याचे. व्लादिमिर इल्यिच उल्यानोव्ह. भीमराव रामजी आंबेडकर. माझ्या थोरल्या भावाचे नाव बाबासाहेबांवरूनच ठेवलेले, म्हणून त्याचा पोरगा भीमरावोविच.

हसून झाल्यावर पोराने खरा विषय काढला. "काका, सुट्टीत आलो की गॅझेट करून आडनाव काढून टाकायचंय. नुसतं सिद्धार्थ भीमराव. इथं तीन वर्षांत आडनावावरून मला कुणी जोखलं नाही."

तो असे का म्हणतो हे मला माहीत आहे. जाण्याआधी तो क्लाससाठी पुण्यात होता. आम्ही दोघांनी मिळून खोल्या पाहिल्या. नाव सांगितले की 'पूर्ण नाव?' हा प्रश्न ठरलेला. पूर्ण नाव सांगितले की खोली 'कालच गेली' हेही ठरलेले. तिसऱ्या घरी जिना उतरताना तो माझ्याकडे बघत नव्हता, मी त्याच्याकडे बघत नव्हतो. माझे आडनाव तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही.

फोन स्पीकरवर होता आणि दादा शेजारीच बसलेला होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. फोन ठेवल्यावर एवढेच म्हणाला, "आडनाव आपल्याला फुकट मिळालेलं नाही."

त्याच आठवड्यात ऑफिसात चहाच्या वेळी एका सहकाऱ्याने मला घेरले. माणूस वाचणारा आहे, त्यामुळे त्याचे बोलणे नुसते उडवून लावता येत नाही. तो म्हणाला, "रशियात कुझ्नेत्सोव्ह म्हणजे लोहाराचा, गोंचारोव्ह म्हणजे कुंभाराचा, मेल्निकोव्ह म्हणजे गिरणीवाल्याचा. इंग्रजांत स्मिथ आहेच. आडनावात धंदा सगळ्या जगात दिसतो. मग जात जात करून आपल्यालाच का झोडता?" मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही. आपल्या पोरांनाही हा प्रश्न विचारला जातो. म्हणून थोडे खोदून पाहिले.

सुरुवात व्याकरणापासूनच करावी लागते. रशियन आडनाव हे बहुतेक वेळा नाम नसते. ते षष्ठीचे रूप असते. प्योत्र हे नाव घ्या. प्योत्रचा म्हणजे पेत्रोव्ह, प्योत्रची म्हणजे पेत्रोव्हा, प्योत्रचे सगळे म्हणजे पेत्रोव्ही. आपला चा-ची-चे जसा पुढच्या माणसाप्रमाणे बदलतो तसाच त्यांचा ओव्ह-ओव्हा-ओव्ही बदलतो. नाव 'आ'ने संपत असेल तर ओव्हच्या जागी इन येतो. निकिताचा तो निकितिन, इल्याचा तो इल्यिन. पुश्किनच्या एका पूर्वजाला 'पुश्का', म्हणजे तोफ, असे टोपणनाव होते, त्या तोफेचा तो पुश्किन. युक्रेनमध्ये 'एन्को' लावतात, सर्बिया-क्रोएशियात 'इच' लावतात, त्यात लहानग्याचा, पोराचा असा भाव असतो. 'स्की' हा आपल्या 'कर'सारखा, गावावरून येणारा. पोलंडमध्ये मात्र तो आधी गावाच्या मालकाचा होता, जमीनदार सरदारांचा. आपल्याकडे गावचा मालकही गावकर आणि गावकुसाबाहेरचाही गावकर, हा एक बरा भाग.

म्हणजे ही सगळी आडनावे एका प्रश्नाची उत्तरे आहेत. तू कुणाचा? रशियन खेड्यात हा प्रश्न असाच विचारीत, 'च्यीख बूदेश?' कुणापैकी आहेस? भूदासगिरीच्या काळात याचा अर्थ नुसते घराणे कुठले असा नव्हता, तुझा मालक कोण असाही होता.

मी लहानपणी हा प्रश्न किती वेळा ऐकला त्याला मोजदाद नाही. 'कुणाचा रं तू?' पाराजवळून जाताना, दुकानात काडीपेटी मागताना. बापाचे नाव सांगून भागत नसे. कुठल्या वस्तीतला, हे तोंडून निघेपर्यंत समोरच्याचा हात गल्ल्याकडे जात नसे.

आता हे उत्तर आडनाव कसे झाले? आधी ते पिढीगणिक बदलत असे. इव्हान प्योत्रचा मुलगा, म्हणून 'इव्हान पेत्रोव्ह'. त्याचा मुलगा वासिली मग 'वासिली इव्हानोव्ह'. नातवाचे आणखी वेगळे. पुढे करवसुली आली, सैन्यभरती आली, याद्या आल्या. ज्या पिढीत कारकुनाने लेखणी टेकवली त्या पिढीतला बाप किंवा आजा कायमचा आडनावात अडकून पडला. सरदारांचे हे आधी झाले, मग व्यापाऱ्यांचे, शेतकरी सगळ्यांत शेवटी. टोपणनावेही अशीच गोठली. गोर्बाचेव्ह म्हणजे कुबड्याचा, ख्रुश्चेव्ह म्हणजे भुंगेऱ्याचा. नेक्रासोव्ह या थोर कवीच्या आडनावातला 'नेक्रास' म्हणजे कुरूप. दृष्ट लागू नये म्हणून पोराला असे नाव देत. आपल्याकडे धोंडू, दगडू, केरू झाले ते याच भीतीतून.

इथवर सगळे गमतीचे आहे. पुढचा भाग वाचताना मात्र मला आमच्या आजोबांची नोंद आठवत राहिली.

मॉस्कोच्या झारांच्या काळात बापाचे नाव 'विच' लावून लिहिणे हा सगळ्यांचा हक्क नव्हता. तो मान वरच्यांचा, आणि तो झारने द्यायचा. स्त्रोगानोव्ह हे मिठाच्या धंद्यातले गडगंज व्यापारी घराणे. त्यांनी संकटात झारला मदत केली, तेव्हा १६१० साली त्यांना जे बक्षीस मिळाले त्यात 'विच' लिहून घेण्याचा हक्क होता. पैसा होता, मिठागरे होती, तरी बापाचे नाव पूर्ण लिहून घेण्यासाठी राजाचा कागद लागला! त्याखालच्या लोकांचे अर्धे बापनाव, 'पेत्रोव्ह मुलगा' एवढेच. आणि अगदी खालच्याला बापच नाही. त्याला नुसते नाव, तेही मोडून. इव्हानचा इवाश्का.

हा 'का' आपल्या कानाला ओळखीचा आहे. आपल्याकडे त्याचे काम 'या' करतो. किसनचा किसन्या, महादूचा म्हाद्या.

गंमत अशी की झारसमोर अर्ज करताना मोठमोठे सरदारही स्वतःला असेच लिहीत. 'तुझा गुलाम इवाश्का तुझ्यापुढे कपाळ टेकतो' अशा धर्तीचा मायना असे. सरदार आणि शिपाईगडी स्वतःला गुलाम म्हणवून घेत, कर भरणारी रयत स्वतःला 'अनाथ' म्हणवून घेई. वर गेले की इवाश्का, खाली आले की इव्हान पेत्रोविच. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत ती नावाच्या शेपटीत अशी मावलेली असते. वरच्याने तुडवले याची भरपाई खालच्याला तुडवून होते, म्हणून कुणालाच शिडी मोडायची नसते.

१७०१ च्या अखेरीस पीटर द ग्रेटने हुकूम काढला की अर्जांत मोडकी नावे लिहायची नाहीत, पूर्ण लिहायची. १७८६ साली कॅथरीन राणीने अर्जातला 'गुलाम' हा शब्दच काढला, त्याजागी 'निष्ठावंत प्रजा' आला. वाचायला छान वाटते. पण याच राणीने १७६७ साली भूदासांना मालकाविरुद्ध तक्रार करायलाच बंदी घातली होती. अर्जाची भाषा सभ्य झाली आणि ज्याला अर्जाची सर्वांत जास्त गरज त्याच्या हातातून अर्जच गेला. तिच्याच काळात सरकारी यादीचा नियम ठरला. पहिल्या पाच दर्जांच्या अधिकाऱ्यांना 'विच'सह पूर्ण बापनाव, सहा ते आठ दर्जांना अर्धे, त्याखालच्यांना नाहीच. कुणाला बाप किती असावा हे पगाराच्या श्रेणीवर!

आमच्या आजोबांची नोंद मी तहसीलच्या जुन्या कागदांत पाहिली आहे. 'सटव्या बिन भिक्या म्हार'. एवढीच. 'बिन' म्हणजे 'चा मुलगा', जुन्या मराठी कागदांत सर्रास असे, पाटलाच्या नावातही असे. पण पाटलाच्या ओळीत 'जी' आणि 'राव' आहेत, आमच्या ओळीत दोन्ही नावांना 'या'. बापही मोडलेला, लेकही मोडलेला. आडनावाच्या जागी जात. आमचे आडनाव कागदावर पहिल्यांदा उमटले ते वडिलांच्या शाळेच्या दाखल्यात. कुणा गुरुजींनी विचारले, आजोबांनी सांगितले, आणि 'सटव्या'चा पोरगा त्या रजिस्टरात 'किसन सटवाजी' असा चढला. दादा 'फुकट मिळालेलं नाही' म्हणाला ते यासाठी.

रशियातला भूदास याच दारातून आत आला. १८६१ साली भूदासगिरी कायद्याने संपली. जमीनदारांच्या मालकीचे दोन कोटींहून अधिक लोक त्या दिवशी मोकळे झाले, जमिनीचे हप्ते मात्र पुढच्या पिढीच्याही डोक्यावर राहिले. मोकळ्या माणसाची नोंद करायची तर नाव लागते. कुणी आजोबांच्या नावावरून घेतले, कुणी टोपणनावावरून, कुणाला चक्क जुन्या मालकाचे आडनाव चिकटले. १८८८ साली सिनेटने सांगून टाकले की आडनाव असणे हा प्रत्येकाचा नुसता हक्क नाही, कर्तव्यही आहे.

चेखव सगळ्यांनी वाचलेला असतो. त्याचे आजोबा भूदास होते. त्यांनी पै पै साठवून १८४१ साली स्वतःला आणि कुटुंबाला मालकाकडून विकत घेतले. नातू डॉक्टर झाला, जगप्रसिद्ध लेखक झाला. १८८९ साली त्याने एका पत्रात लिहिले की भूदासाच्या नातवाने आपल्यातला गुलाम थेंबाथेंबाने पिळून काढला आणि एका सकाळी त्याला आपल्या अंगात खऱ्या माणसाचे रक्त जाणवले, अशी एखादी गोष्ट लिहायला हवी. आडनाव कागदावर आल्यावरही ते पिळणे चालूच राहिले होते, हे त्या पत्रावरून कळते.

आणि तारास शेव्चेन्को. युक्रेनचा राष्ट्रकवी. जन्म १८१४, भूदासाच्या पोटी. चित्रे काढायचा हात चांगला, म्हणून मालकाने त्याला सेंट पीटर्सबर्गला रंगाऱ्याकडे ठेवले. तिथल्या कलावंतांनी एका नामवंत चित्रकाराकडून कवी झुकोव्स्कीचे चित्र काढवून घेतले, त्याची सोडत काढली आणि त्या २५०० रूबलांत १८३८ साली शेव्चेन्कोला त्याच्या मालकाकडून सोडवले. पुढे कवितांसाठी झारने त्याला दहा वर्षे शिपाई करून हद्दपार केले, वर लिहायला आणि चित्र काढायला मनाई. तर या शेव्चेन्को नावाचा अर्थ काय? 'श्वेत्स' म्हणजे जोडे शिवणारा. शेव्चेन्को म्हणजे चांभाराचा पोर. कीव्हच्या विद्यापीठाला आज त्याचे नाव आहे, शंभराच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे.

आता सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. होय, कुझ्नेत्सोव्ह म्हणजे लोहाराचा. पण पूर्वज लोहार होता एवढेच त्या नावातून कळते. ते नाव लावणाऱ्याने ऐरण सोडली तर गावाने त्याला पुन्हा भट्टीपुढे बसवले नाही. कुझ्नेत्सोव्हने कोझेव्हनिकोव्हच्या घरी पाणी प्यायले तर कुणी अंघोळ करीत नव्हते. कोझेव्हनिकोव्ह म्हणजे कातडी कमावणाऱ्याचा. जुन्या कीव्हच्या लोककथेत राक्षसी सर्पाला नांगराला जुंपणारा वीर कोण आहे, तर कातडी कमावणारा गडी. त्याच्या हातांतली ताकद कातडी मळून मळून आलेली, असे कथा अभिमानाने सांगते. आपल्या पुराणांत हे काम करणाऱ्याच्या वाट्याला काय आले ते मी सांगायला नको.

यापेक्षा चांगला साक्षीदार मला आपल्याच किनाऱ्यावर सापडला. १४७० च्या आसपास त्वेर गावचा एक व्यापारी घोडा विकायला चौलच्या बंदरात उतरला, जुन्नरला पावसाळा काढून बीदरला गेला. अफानासी निकितिन. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. हे 'निकितिन' म्हणजेही आजच्यासारखे आडनाव नाही, नुसते 'निकिताचा अफानासी'. आपल्याकडे वावरताना त्याने स्वतःचे नाव ख्वाजा युसूफ खोरासानी सांगितले, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी इथे सुखाने राहायला दुसरे नाव सांगावे लागे! या माणसाने आपल्या टिपणांत एक गोष्ट आवर्जून नोंदवली. इथे चौऱ्याऐंशी पंथ आहेत, आणि एक पंथ दुसऱ्याबरोबर ना जेवतो, ना पितो, ना सोयरीक करतो. त्याच्या देशातही मालक होते, गुलाम होते, तरी नवल वाटावे असे त्याला इथे हे दिसले. नावात धंदा सगळ्या जगात असेल, पण धंद्यावरून ताट आणि सोयरीक ठरवणे सगळ्या जगात नाही. सहकाऱ्याला मी हे नंतर सांगितले. तो म्हणाला, "बघतो." अजून बघतोय.

पण आपलीही बाजू साफ ठेवू. रशियात जातीच्या जवळ जाणारी एक गोष्ट होतीच, आणि ती होती पुरोहितांत. पोपोव्ह म्हणजे पाद्र्याचा. पाद्र्याचा मुलगा पाद्री, त्याची बायको पाद्र्याची मुलगी, आणि जावयाला सासऱ्याची जागा, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्यांच्या पाठशाळांत मुलांना नवी शोभिवंत आडनावेही देत. लॅटिनमधल्या आशेच्या शब्दावरून स्पेरान्स्की, असे. १८६० च्या दशकात राज्याने कायदे करून हे बंद दार उघडले, तेव्हा त्या घरांतून डॉक्टर, प्राध्यापक, क्रांतिकारक बाहेर पडले. तिथल्या ब्राह्मणांनाही कायद्यानेच मोकळे करावे लागले म्हणायचे.

बायकांचे काय? 'चा'बरोबर 'ची' आलीच. आधी बापाची, मग नवऱ्याची. गॉर्कीची 'आई' आपल्या चळवळीतल्या कितीतरी घरांत वाचली गेली. त्यातल्या आईला लोक 'नीलोव्हना' म्हणतात, म्हणजे नीलची लेक. नवऱ्याचा मार खाल्लेली, पोरामागून लढ्यात उतरलेली ती बाई, आणि मानाने हाक मारायची तर तिच्या बापाच्या नावाने. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ते तिचे स्वतःचेच नाव वाटले होते. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला तर धर्मपित्याचे नाव उसने घ्यावे लागे. बडे सरदार अशा मुलांना आपल्या आडनावाचा तुकडा तोडून देत. त्रुबेत्स्कोयचा बेत्स्कोय, रेप्निनचा प्निन. हा इव्हान प्निन पुढे लेखक झाला आणि अशा मुलांच्या हक्कांसाठी त्याने १८०२ साली निबंध लिहिला. आईच्या नावावरून आडनावे झालीच नाहीत असे नाही. रशियातल्या ज्यूंत रिव्किन म्हणजे रिव्काचा, द्वोर्किन म्हणजे द्वोराचा, दोन्ही आयांची नावे. आपल्या राज्यातही १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे नाव लिहायचे ठरले आहे. उशिरा का होईना.

सिद्धार्थला मी जे सांगितले त्याचा संबंध मात्र विसाव्या शतकाशी आहे. सोव्हिएत राज्याने दर्जे मोडले, सरदारक्या मोडल्या, 'विच' सगळ्यांना मिळाला. पण १९३२ साली पासपोर्ट आले आणि त्यात 'राष्ट्रीयत्व' असा एक रकाना आला. लोक त्याला 'पाचवा रकाना' म्हणत. ज्यू माणसाने आडनाव बदलून इव्हानोव्ह केले तरी बापाचे नाव अब्राम असले की 'अब्रामोविच' त्याला उघडे पाडी, आणि तेही लपले तर पाचवा रकाना होताच. तो रकाना गेला १९९७ मध्ये. आडनाव बदलले की प्रश्न मरत नाही, पुढच्या रकान्यात जाऊन बसतो.

उलटही घडले. आडनाव लादलेही गेले. सिद्धार्थच्या वर्गातल्या तातार पोरांची आडनावे हसनोव्ह, गलियेव्ह अशी आहेत. नाव मुसलमानी, शेपूट रशियन. ताजिकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष रहमोनोव्ह यांनी २००७ साली ते शेपूट कापून टाकले आणि रहमोन झाले. बल्गेरियात याहून वाईट झाले. १९८४-८५ च्या हिवाळ्यात तिथल्या सरकारने आठ लाखांच्या वर तुर्की लोकांची नावे जबरदस्तीने बल्गेरियन करून टाकली. गावांना पोलिसांचे वेढे, हातात नवी ओळखपत्रे. त्यांत नईम सुलेमानोव्ह नावाचा एक पोरगा होता, बुटका, वजन उचलण्यात जगात एक नंबर. त्याचे केले नाऊम शालामानोव्ह. १९८६ साली मेलबर्नच्या स्पर्धेत तो पथकातून निसटला, तुर्कस्तानला गेला आणि नाव घेतले नईम सुलेमानओग्लू. 'ओग्लू' म्हणजे तुर्कीत मुलगा. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्याने याच नावाने सुवर्णपदक घेतले. 'सुलेमानचा' हाच अर्थ तिन्हींपैकी दोन नावांत होता, ओव्हमध्येही आणि ओग्लूमध्येही. फरक एवढाच की एक त्याच्यावर ठोकलेले आणि दुसरे त्याने स्वतः उच्चारलेले.

एवढे सगळे वाचून मी पुतण्याला फोन केला. पहिली गोष्ट व्यवहाराची सांगितली. पदवी हातात येईपर्यंत नावाला हात लावू नकोस. पासपोर्ट, गुणपत्रिका आणि पदवी यांवरची नावे जुळली नाहीत तर परत आल्यावर परवान्याच्या परीक्षेला बसताना खेटे घालशील, आणि जात पडताळणीचा कागद आहे तो वेगळाच. दुसरी गोष्ट, आडनाव काढलेस म्हणून पुण्यातली ती खोली मिळेल असे समजू नकोस. 'पूर्ण नाव?' संपले की 'गाव कुठलं?' सुरू होईल, तेही संपले की 'चौदा एप्रिलला काय असतं तुमच्याकडं?' दोष आडनावाचा नाही. खोलीच्या दारात उभे राहून 'कुणाचा रे तू?' विचारायचा हक्क आपल्याला आहे असे ज्याला वाटते, दोष त्याचा आहे. तो हक्क रशियात भूदासांच्या मालकांकडून कायद्याने काढून घेतला गेला. आपल्याकडे कायदा आहे, काढून घेणे बाकी आहे.

तो म्हणाला, "काका, म्हणजे काढू नको?"

मी म्हटले, "काढायचं तर काढ. नईमसारखं काढ. पळून जायला म्हणून काढू नको."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "आणि आजोबांचं काय? गुरुजींनी लिहिलेलं?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, अजूनही नाही. बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ होते. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली ते दाखल झाले ते 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाने. पुढे जे झाले त्याने ते आडनावच कोट्यवधींचे झाले. बदललेले नाव आपले होत नाही असे म्हणायची आपल्याला सोय नाही.

परवा सिद्धार्थने एक फोटो पाठवला. त्याच्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर मित्राने चिकटपट्टी लावून त्यावर मार्करने रशियन अक्षरांत नाव लिहिले आहे. दोन शब्द. दादाने चष्मा लावून फोटो मोठा केला, जवळ नेला, लांब धरला. मग मोबाईल माझ्यापुढे करून म्हणाला, "यातलं माझं कुठलं?"

मी दुसऱ्या शब्दावर बोट ठेवले. त्याने अक्षरे मोजली. अकरा भरली. "शेवटची चार कशाची?" म्हणाला. मी म्हटले, "ती पोराची. 'भीमरावचा' म्हणायला लागतात." गॅझेटचा अर्ज माझ्या कपाटात तसाच पडून आहे. पोरगा जुलैत येतोय.